मांजराचा वाटा फोडणीच्या आधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात दोन बेडरूमचा फ्लॅट, दोघांच्याही नोकऱ्या, त्यामुळे मोठा स्वयंपाक शनिवार-रविवारीच. आठवड्याचं वाटण, एखादं तळण, पावाचा प्रयोग, रविवारी चिकन. घरात बंडू हा चार वर्षांचा बोका आणि चिंगी ही सात महिन्यांची मांजरी. सोमवार ते शुक्रवार दोघं झोपून काढतात आणि शनिवारी सकाळपासून ओट्यावर हजर. त्यांना आपल्यातलं काय द्यावं, काय अजिबात देऊ नये, ओट्यावरून खाली कसं ठेवावं, आणि सासूबाई म्हणतात तसा दूधभात पुरतो का, हे तुम्हाला हवंय.

मी पशुवैद्य आहे, घरी मांजरं आहेत आणि स्वयंपाकाची हौसही आहे, त्यामुळे दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. एकच नियम पाळायचा असेल तर हा पाळा: मांजराचा वाटा फोडणी पडायच्या आधी बाजूला काढायचा. चिकन, मासे, अंडं, काहीही असो. मीठ, तिखट, वाटण यांचा हात लागण्याआधी त्यांची वाटी भरून झाकून ठेवायची. स्वयंपाक झाल्यावर ‘यातलं थोडं देऊ का’ हा प्रश्नच मग उरत नाही.

कारण कांदा आणि लसूण. मराठी रश्श्याची सुरुवातच त्यांच्यापासून होते, आणि मांजराच्या बाबतीत स्वयंपाकघरातलं सगळ्यात दुर्लक्षित विष तेच. ‘आम्ही रश्श्यातला तुकडा नळाखाली धुवून देतो’ हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय की आता आश्चर्यही वाटत नाही. धुतल्यानं वरचं तिखट जातं. शिजताना मांसात मुरलेला कांदा-लसणाचा अर्क जात नाही. कच्चा असो, तळलेला असो, वाळवून पूड केलेला असो, कांदा मांजराला बाधतोच, उष्णतेनं त्याचा दोष जात नाही. त्यातली गंधकयुक्त द्रव्यं रक्तातल्या हिमोग्लोबिनवर हल्ला करतात. त्या रेणूवर अशा हल्ल्याला सापडणाऱ्या जागा आपल्यात दोन, कुत्र्यात चार आणि मांजरात आठ असतात. म्हणून आपल्याला औषधी वाटणारी लसूण मांजराच्या तांबड्या पेशी फोडते.

प्रमाणही सांगते, म्हणजे उगाच घाबरणं नको आणि बेफिकिरीही नको. वजनाच्या दर किलोमागे साधारण ५ ग्रॅम कांदा पोटात गेला की मांजराच्या रक्तात बदल दिसू लागतात. बंडू चार किलोचा धरला तर २० ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याचा जेमतेम पाव भाग. लसूण याहून तीव्र. आणि आपला कांदा-लसूण मसाला म्हणजे दोन्ही वाळवून, पाणी काढून टाकून केलेला, त्यामुळे चमच्याच्या हिशेबात तो सगळ्यात जड. तयार सूपची पाकिटं आणि चिकन क्यूबमध्येही बहुधा कांद्याची नाहीतर लसणाची पूड असते, वेष्टनावर वाचून घ्या. मांजरानं ताटाला एकदा जीभ लावली म्हणून धावत सुटायची गरज नाही. पण दर रविवारी थोडं थोडं, हा प्रकार मात्र थांबवा. यातली फसवी गोष्ट अशी की लक्षणं लगेच दिसत नाहीत. रविवारी खाल्लेलं बुधवार-गुरुवारी बाहेर येतं: मांजर मलूल होतं, हिरड्या फिक्या किंवा पिवळसर दिसतात, श्वास भराभर चालतो, लघवी चहासारखी गडद होते. तोवर रविवारचा रस्सा कुणाच्या लक्षातही नसतो, म्हणून आम्हालाच तो खोदून विचारावा लागतो.

आता शनिवार सकाळ. ओट्यावरून मांजर खाली ठेवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे तळण त्याच्या झोपेच्या वेळेत बसवणं. मांजराचा दिवस शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप या क्रमानं चालतो. तुम्ही तो क्रम घडवून आणू शकता. गॅसला हात लावण्याआधी दहा-पंधरा मिनिटं काठीला बांधलेलं पीस किंवा चिंधी घेऊन दोघांना दमवा, शेवटी ती चिंधी त्यांना पकडू द्या, आणि लगेच त्यांचं जेवण वाढा. अर्ध्या-पाऊण तासात दोघंही कुठेतरी अंगाची जुडी करून पडतील. चकलीचा सोऱ्या तेव्हा बाहेर काढा. घरातलं मांजर दिवसाचे १२ ते १६ तास झोपतं, तेव्हा वेळेची कमतरता नाही, फक्त ती कुणी निवडायची एवढाच प्रश्न.

तरीही चिंगी येणार. सात महिन्यांची आहे, तिला सगळं पाहायचंय. हाकलून, ओरडून किंवा पाणी फवारून ती इतकंच शिकते की तुम्ही असताना ओट्यावर जायचं नाही. त्याऐवजी ओट्याच्या उंचीचं एक स्टूल खिडकीशी ठेवा, त्यावर जुनं पोतेरं नव्हे तर तिच्या अंगाचा वास असलेली चादर घाला, आणि ती तिथे बसली की चिकनचा एक कण तिथेच द्या. ओट्यावर कधीच काही मिळत नाही आणि स्टुलावर नेहमी मिळतं, हे तिला काही आठवड्यांत पाठ होतं. पण घरातल्या एकानं जरी ओट्यावरून लोणी चाटू दिलं तरी सगळी मेहनत वाया. (हे एक कोण असतं ते प्रत्येक घराला माहीत असतं.) आपल्या आज्या दूधदुभतं शिंक्यावर किंवा जाळीच्या कपाटात ठेवायच्या, मांजराला शिस्त लावायच्या भानगडीत पडायच्या नाहीत. तोही शहाणपणाच होता. आजही झाकण आणि कपाट ही दोन साधनं बाकी कुठल्याही युक्तीपेक्षा खात्रीची आहेत.

चकलीचं तेल १७०–१८० अंशांच्या आसपास असतं. तळण चालू असताना स्वयंपाकघराचं दार लावता येत असेल तर लावाच. उघडं स्वयंपाकघर असेल तर दोघांना पाण्याचं भांडं आणि शी-शूचा मातीचा ट्रे यांसकट बेडरूममध्ये तासभर ठेवण्यात काहीही क्रूर नाही. कढई मागच्या शेगडीवर, उतरवलेला तवा ओट्याच्या कडेला नको. इंडक्शन असेल तर काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करा. त्याची स्पर्शाची बटणं मांजराच्या पंजानंही चालू होतात. पंजा भाजलाच तर नळाचं साधं पाणी किमान दहा मिनिटं त्यावर सोडा आणि डॉक्टरकडे न्या. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद यातलं काहीही लावू नका. मांजर ते चाटून काढतं आणि जखम आणखी चिघळते.

पावाच्या प्रयोगात लक्ष ठेवायची वेळ म्हणजे पीठ फुगायला ठेवतो तेव्हाची. यीस्ट घातलेलं कच्चं पीठ पोटात गेलं की ऊब मिळून तिथेही फुगतं, शिवाय त्यात अल्कोहोल तयार होतं. पातेलं ओल्या फडक्यानं झाकण्यापेक्षा ओव्हनच्या बंद पोकळीत ठेवा. मांजरांना उबदार, मऊ पीठ पायानं मळायला फार आवडतं, मग केसाळ पाव खायची तयारी हवी. मनुका आणि चॉकलेट दोन्ही बंद डब्यात. मांजर ती आपणहून फारशी खात नाही, कारण तिला गोड कळतच नाही: २००५ मध्ये फिलाडेल्फियातल्या मोनेल संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं की गोडाची चव ओळखणारं एक जनुक मांजर, वाघ आणि चित्ता यांच्यात निकामी झालंय. मग ती श्रीखंडात तोंड का घालते? स्निग्धांशासाठी.

श्रीखंडावरून आठवलं. चक्का टांगायला जी सुतळी किंवा नाडी वापरता, ती काम झाल्यावर कुठे जाते? हा प्रश्न मी कांद्यानंतर लगेच विचारते. दोरा ही मराठी घरातली मोठी धोक्याची वस्तू आहे आणि सुट्टीच्या दिवशी ती चहूबाजूंनी येते: फुलपुडीचा दोरा, गजऱ्याचा दोरा, मिठाईच्या खोक्याची रिबन, कोथिंबिरीच्या जुडीचं रबर, संक्रांतीत मांजा. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेनं वळलेले असतात. एकदा दोरा जिभेवर आला की तो थुंकणं त्याला जमत नाही, आत ओढतच नेलं जातं. मग एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या तोंडाशी अडकतं, दुसरं आतड्यात पुढे जातं, आणि आतडं त्या दोऱ्यावर नाडीवर चुण्या पडाव्यात तसं गोळा होत जातं. दोरा ताणला की आतड्याला चिरतो. यावर बहुतेक वेळा शस्त्रक्रियाच करावी लागते.

म्हणून दोरा कचऱ्याच्या उघड्या बादलीत टाकायचा नाही, झाकणाच्या डब्यात टाकायचा. चिकनच्या रक्ताचा किंवा दह्याचा वास लागलेला तर नक्कीच नाही. आणि मांजराच्या तोंडातून किंवा शेपटीखालून दोऱ्याचं टोक दिसलं तर ओढू नका, कापूही नका. तसंच उचलून आमच्याकडे आणा. सतत उलट्या, खाणं बंद, कोपऱ्यात बसून राहणं ही चिन्हं असतील आणि घरात दोरा हरवला असेल, तर तो हरवलेला दोरा आधी सांगा.

आता त्यांच्यासाठी काय शिजवायचं. चिकनच्या मांडीचं बिनहाडाचं मांस घ्या, छातीचं नको. मांडीच्या गडद मांसात टॉरिन, म्हणजे मांजराच्या हृदयाला लागणारं पोषकद्रव्य, जास्त असतं, हृदयात त्याहून जास्त. खाटिकाकडे मागितलं तर कोंबडीची हृदयं स्वस्तात मिळतात. थोड्या पाण्यात, मीठ न घालता, कुकरला नेहमीसारखं शिजवा. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून ते पाणी फेकू नका. मांस कुस्करून त्यातच कालवा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. दर वेळी एक वडी काढून कोमट करायची. उन्हाळ्यात नुसत्या चिकनच्या पाण्याची वडी पाण्याच्या भांड्यात टाकली की कमी पाणी पिणारा बोकासुद्धा भांडं रिकामं करतो, आणि बोक्यानं पाणी पिणं त्याच्या मूत्रमार्गासाठी फार मोलाचं.

किती द्यायचं, इथे सगळे घसरतात. घरात राहणाऱ्या, नसबंदी झालेल्या चार किलोच्या मांजराला दिवसाला २०० कॅलरींच्या आसपास पुरतात. वरखाणं त्याच्या दहा टक्क्यांत, म्हणजे २० कॅलरी: १०–१२ ग्रॅम उकडलेलं चिकन, किंवा पाव उकडलेलं अंडं. चिकन किंवा अंडं, एकच काहीतरी. अंगठ्याएवढा तुकडा आपल्याला कंजूषपणा वाटतो, त्यांच्या मानानं तो भरपेट फराळ आहे. चिंगी वाढीची असल्यानं तिला एकूण अन्न वजनाच्या मानानं जास्त लागतं, पण ते पिल्लांसाठीच्या तयार खाद्यातून तिला मिळू द्या.

मग पूर्ण आहारच घरी का करू नये? करू नका, निदान आंतरजालावरच्या कृती वाचून तरी नको. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये पुस्तकांतल्या आणि संकेतस्थळांवरच्या ११४ घरगुती कृती तपासल्या. ज्यांचं गणित मांडता आलं, त्यांतली एकही कृती मांजराच्या सगळ्या गरजा भागवणारी निघाली नाही. तयार खाद्य हे मुख्य जेवण, तुमचं शिजवलेलं हे कौतुक. यात मला तरी स्वयंपाकाचा अपमान वाटत नाही.

माशांबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ‘मांजर आणि मासा’ हे समीकरण आपण धरून चाललोय. बांगडा किंवा तारली उकडून, काटे काढून, आठवड्यातून एखाद-दोनदा दिली तर छान. कच्चे मासे देऊ नका: अनेक जातींच्या कच्च्या माशात ब-१ जीवनसत्त्व मोडून टाकणारं विकर (एन्झाइम) असतं, शिजवलं की ते नष्ट होतं. फक्त कच्च्या मासळीवर ठेवलेल्या मांजराची मान खाली झुकते, तोल जातो, झटके येतात. कोकणातून आलेलं सुकट, सोडे, खारवलेले बोंबील यांचा वास आला की दोघंही वेडी होतील, पण त्यातलं मीठ त्यांच्यासाठी नाही. कलेजी आठवड्यातून एकदा, तीही छोटा तुकडा. स्वस्त मिळते आणि आवडीनं खातात म्हणून रोज कलेजी घालणारे लोक मला भेटतात. त्यातलं अ जीवनसत्त्व शरीरात साठत जातं आणि काही महिन्यांनी मानेचे मणके एकमेकांना जुळून मान ताठ होते. शिजलेली हाडं कुठलीच नकोत, ती टोकदार फुटतात.

कच्चं चिकन द्यायची हल्ली एक टूम आली आहे. ‘जंगलात कुठे शिजवून खातात’ हा त्यामागचा युक्तिवाद. नागपूरच्या गोरेवाडा वन्यप्राणी बचाव केंद्रात २०२४ च्या डिसेंबरात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले आणि तपासणीत बर्ड फ्लूचा विषाणू निघाला. मांजरवर्गाला हा विषाणू फार वाईट बाधतो. शिजवल्यानं तो मरतो. मला एवढं पुरतं.

चिकन धुतलेलं पाणी, कापायचा पाट, सुरी हे सगळं लगेच साबणानं. हे तुमच्यासाठीही आणि त्यांच्यासाठीही. मातीचा ट्रे बहुतेक फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला लागून असलेल्या ड्राय बाल्कनीत असतो, तुमच्याकडेही तसाच असणार. दुसरी जागा असेल तर हलवा. नसेल तर ट्रे रोज साफ करा, रोज म्हणजे खरंच रोज. टोक्सोप्लाझ्मा हा मांजराच्या विष्ठेतून पसरणारा, गरोदरपणी विशेष धोक्याचा परजीवी. त्याचे जंतू विष्ठेतून पडल्यावर बाधक व्हायला किमान एक दिवस घेतात, तेवढ्यात विष्ठा गेली तर धोका फार कमी होतो. घरात कुणी गरोदर असेल तर ते काम दुसऱ्यानं करायचं, मांजर घराबाहेर काढायचं नाही. ट्रेमधून आलेले पाय ओट्यावर फिरतात, म्हणून कणीक मळण्याआधी ओटा साबणाच्या पाण्यानं पुसा. फिनाईल किंवा डेटॉल नको. त्यातली फिनॉल जातीची द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत, आणि ओल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की ती सरळ पोटात जातात.

रविवारी पाहुणे आले आणि फुलांचा गुच्छ आणला तर त्यात लिली आहे का बघा. असेल तर ती तुमच्या घरात राहायला नको, शेजारी देऊन टाका, अर्थात त्यांच्याकडे मांजर नसेल तर. पान, पाकळी, अंगावर सांडलेला पराग, फुलदाणीतलं पाणीसुद्धा मांजराची मूत्रपिंडं दोन-तीन दिवसांत निकामी करू शकतं.

राहिला सासूबाईंचा दूधभात. त्यांच्या वाड्यातली मांजरं दूधभातावर जगली हे खरं असेल. पण ती उरलेला दिवस उंदीर, पाली, चिमण्या खात होती, टॉरिन तिथून मिळत होतं. तुमची दोघं तिसऱ्या मजल्यावर आहेत. भातात टॉरिन नाही, दुधात नावापुरतं. १९८७ मध्ये हे सिद्ध झालं की टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय फुगून कमजोर होतं, आणि खाद्यांत ते वाढवल्यावर हा आजार झपाट्यानं कमी झाला. शिवाय मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दुधातली साखर पचत नाही, जुलाब होतात. सासूबाईंना द्यायचंच असेल तर सायीचं एक बोट किंवा घट्ट दह्याचा अर्धा चमचा चालेल, आणि ते देण्याचा मान त्यांचाच ठेवा, म्हणजे चोरून वाटी भरली जाणार नाही.

शेवटचं, रविवार संध्याकाळसाठी. काही खाल्ल्याचा संशय आला तर मीठ पाजून उलटी करवू नका, हे घरगुती उपाय मांजराला जास्त मारक ठरतात. दुखतंय म्हणून आपली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेते. बंडू ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा बसतोय, कण्हतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सोमवारची वाट बघू नका, त्याच रात्री न्या. दोघांपैकी कुणीही पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तर फोन करा, जाड मांजराच्या बाबतीत तर नक्कीच, कारण दोन-तीन दिवसांच्या उपासानं त्यांच्या यकृतात चरबी साचू लागते. तुमच्या भागात रविवारी रात्री उघडा असणारा दवाखाना कुठला, हे या आठवड्यात विचारून घ्या आणि नंबर फ्रिजच्या दारावर लावा. आणि चिंगीची नसबंदी झाली नसेल तर त्याच फोनमध्ये तारीखही घ्या. सात महिने म्हणजे ती कधीही माजावर येईल, आणि मग तुमच्या वीकेंडला स्वयंपाक राहील बाजूला.